पाट खाली ठेवायचा नाही

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या आमच्या कंपनीत ऑडिटला आलेल्या साहेबांबरोबर प्रॉडक्शन लाइनवर उभा होतो. गणपती बसून आठवडा उलटला होता. फोन संदीपचा होता, बापूंच्या मुलाचा. त्याचा आवाज अगदी कोरडा होता. सकाळी चहा मागितला, कप तसाच राहिला, एवढंच तो म्हणाला. आणि मग लगेच, "भावा, तू निघ. घरात गणपती हाय. आमाला आता हात लावता येत न्हाई."

ज्यांच्या घरी गणपती बसतो त्यांना हे सांगायला नको. मृत्यू झाला की घराला सुतक लागतं, आणि मग बसवलेल्या मूर्तीला घरातलं कोणी शिवत नाही. ती हलवायला भावकीबाहेरचं माणूस लागतं. मी भावकीबाहेरचा होतो. त्या घराचा कधीकाळचा भाडेकरू. संदीपला पहिला मीच आठवलो, याचं त्या क्षणी मला बरंही वाटलं... हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

मी मूळचा भूमचा. वडील बाजारपेठेत सायकली दुरुस्त करायचे. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. डिप्लोमा करून नोकरीसाठी आलो आणि कासारवाडीत बापूंच्या घराच्या वरच्या खोलीत राहायला लागलो. कंपनी करता करता डिग्रीही तिथेच राहून पूर्ण केली. बापू जुन्या गावातले. जमिनी गेल्यावर तेही एका कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आवाज मोठा, शरीर आडवं, आणि बोलण्यात सदैव चिमटा. माझी परीक्षा असली की ते टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून नुसती चित्रं बघत बसायचे. माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, चिडायच्या, त्यांची मालिका असायची. बापू म्हणायचे, वर पोरगा शिकतोय, तुला काय त्या बायांची भांडणं ऐकल्याबिगर कळत न्हाईत व्हय? डिग्रीचा निकाल लागला तेव्हा माझ्या आधी त्यांनीच गल्लीत पेढे वाटले. त्यानंतर माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी 'इंजिनिअर' झालो.

त्या घरातल्या पहिल्याच गणपतीत मला गावी जायला सुट्टी मिळाली नव्हती. विसर्जनाच्या दिवशी जिन्यावर एकटाच बसलो होतो. संदीप ढोलपथकात असायचा, त्या दिवशी तो घरचा नसायचाच. बापूंनी खालून हाक मारली, "ए भूमवाले, पाट धरायला माणूस पाहिजे. चल." मी उतरलो. सागवानी पाट होता, एका कडेला समईच्या आचेनं काळा पडलेला. त्यावर मूर्ती, पाट माझ्या हातात, बापू पुढे झांजा वाजवत. मी सारखा पायाखाली बघत होतो तर म्हणाले, "सरळ धर की. गणपती हाय, कंपनीतला ट्रे न्हाई."

पवनेच्या घाटावर तेव्हाही महापालिकेचे हौद होते. आम्ही मूर्ती हौदातच सोडायचो. बापूंनी त्यावर कधी वाद घातला नाही. नदीची दशा त्यांना दिसत होती, जलपर्णीकडे बघून ते नुसती मान हलवायचे. पण हौदावरून ते थेट घरी येत नसत. घाटाच्या वरच्या अंगाला, जिथे गर्दी नसे, तिथे पाण्याच्या कडेला उतरून ओंजळभर वाळू काढायचे. वाळू कसली, अर्धा गाळच असायचा. तो ते पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळून घ्यायचे आणि पाटावर ठेवायचे, वर एखादं पान. ज्या पाटावरून देव गेला तो पाट घरी रिकामा न्यायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. आमच्याकडेही वाळू आणतात. पण बापूंचं आणखी एक होतं. वाळू ठेवल्यावर तो पाट घरी पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. परतीच्या वाटेवर चहा घेतला तरी एकानं पाट धरायचा, दुसऱ्यानं प्यायचा, मग अदलाबदल. एकदा हाताला रग लागली म्हणून मी पाट टपरीच्या बाकावर टेकवायला गेलो तर ओरडले. बाक म्हणजे जमीन नव्हे, असं मी म्हणालो. "इंजिनिअर झालास म्हणून देवाला कायदा शिकवू नगंस." घरी त्या वाळूसमोर छोटी आरती व्हायची आणि मग वाळू माईंच्या तुळशीत जायची.

लग्न ठरलं तसं मी मोशीकडे फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला बापूंना यायचं होतं, पण तेव्हाच त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. मी म्हटलं, एखाद्या रविवारी गाडी घेऊन येतो, तुम्हाला आणि माईंना दाखवायला नेतो. ते म्हणाले, ने की, तुझ्या गणपतीची पहिली वाळू मीच आणणार हाय. ते रविवार कुठे गेले ते आता आठवूनही सापडत नाहीत. कधी ओव्हरटाइम, कधी पाहुणे, कधी नुसता कंटाळा. कासारवाडी फार लांब नाही. मी तिथून कितीतरी वेळा गेलो आणि वळलो नाही. आधी वेळ नव्हता म्हणून गेलो नाही, नंतर इतके दिवस गेलो नाही म्हणून जायचा धीर होईना. बापूंचा फोन यायचा, तो मी उचलायचो, लवकरच येतो म्हणायचो. यंदा गणेश चतुर्थीलाही आला. म्हणाले, औंदा गुडघं चालायचं न्हाईत, पाट तुलाच न्यावा लागंल, आणि वाळू विसरू नगंस. मी म्हटलं, अनंत चतुर्दशीला नक्की. दर्शनाला आधी कधी येशील, असं त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

त्या दिवशी मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. बापूंना पुढच्या खोलीत ठेवलं होतं, गणपती आतल्या खोलीत होता. संदीपनं मला दारातच धरलं. वडीलधारी म्हणत होती, आधी देव हलू द्या, मग पुढचं करू. शेजारच्या काकू पुढे झाल्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं ठेव तासभर. आधी बापूंना पोचवून या, मग सावकाश ने नदीवर." किती सरळ, शहाणी वाट होती. कोणीही हरकत घेतली नसती. मी म्हणालो, "नको. मीच नेतो आत्ता. बापूंनी मला सांगितलं होतं."

ते खरं होतं. पण मी त्यासाठी म्हणालो नव्हतो. मला पुढच्या खोलीत बसायचं नव्हतं. माईंसमोर जायचं नव्हतं. मी अक्षता वाहिल्या, मूर्ती पाटासकट उचलली आणि बाहेर निघालो. बाहेर यायला पुढच्याच खोलीतून वाट होती. मी पाट छातीच्याही वर धरला. मूर्ती माझ्या आणि बापूंच्या चेहऱ्याच्या मधे आली. मला पांढऱ्या चादरीची कड दिसली आणि माईंचा हात. बाकी काही दिसलं नाही, मी दिसू दिलं नाही. मनात म्हटलं, आल्यावर नीट बघतो.

घाटावर त्या दिवशी कोणी नव्हतं. गौरी-गणपती होऊन गेलेले, शेवटचा दिवस अजून यायचा. हौदाशी पालिकेचा एक रखवालदार खुर्ची टाकून बसला होता. एकट्यानं मूर्ती आणलेली बघून त्यानं विचारलं, घरचे कुठायत? मी सांगितलं. तो उठला, चपला काढल्या. मी आरती म्हणायला लागलो आणि मधेच अडलो, तर ती त्यानंच पुरी केली. बोलण्यावरून आमच्या भूमकडचाच वाटला. मूर्ती पाण्यात गेल्यावर "पुढच्या वर्षी लवकर या" हेसुद्धा तोच म्हणाला. म्हणून झाल्यावर, हे या घरासाठी म्हणावं की नाही असा विचार त्याच्या चेहऱ्यावर आलेला मला दिसला.

तिथून सरळ परत जायला हवं होतं. मी वरच्या अंगाला गेलो, वाळू काढली, बापू धुवायचे तशी पुन्हा पुन्हा धुतली. त्यांच्यापेक्षाही जास्त धुतली. पाटावर ठेवली, पान झाकलं, आणि दोन्ही हातांनी पाट धरून चालायला लागलो. तेवढ्यात खिशात फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. पाट खाली ठेवल्याशिवाय फोन काढता येत नव्हता आणि पाट खाली ठेवायचा नव्हता. रस्त्यानं माणसं जात होती, कोणालाही म्हणता आलं असतं, दादा, जरा धरा. मी म्हटलं नाही. फोन वाजत राहिला आणि मी बापूंची रीत पाळत चालत राहिलो. इतक्या हळू मी तो रस्ता कधी चाललो नव्हतो.

घरी पोचलो तर पुढची खोली धुतलेली होती. ओल्या फरशीवर जिथे बापू होते तिथे दिवा लावला होता. मी उंबऱ्याबाहेर पाट घेऊन उभा. बापूंची थोरली बहीण भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "सुतकाच्या घरात हे कुटं आणलंस रे बाबा? ने माघारी." ती रागावली नव्हती. तसाच स्मशानाकडे गेलो. तेही नदीलाच आहे. फाटकाशी थांबलो, कारण हातातलं घेऊन आत कसं जायचं ते कळेना. आतून धूर दिसत होता. माणसं बाहेर यायला लागली, माझ्याकडे आणि पाटाकडे बघत पुढे गेली. संदीप सर्वांत शेवटी आला. केस ओले, डोळे सुजलेले.

"थांबलो होतो तुझ्यासाठी," तो म्हणाला. "सगळी घाई करत होती. मी म्हनलं, येतोय तो, त्याला बघू द्या. फोन तरी उचलायचा, भावा..."

मी म्हटलं, हातात पाट होता. त्यानं पाटाकडे पाहिलं.

तेराव्यापर्यंत पाट माझ्याकडेच राहिला. नंतर मी वाळू एका डब्यात काढून, पाट पुसून माईंकडे घेऊन गेलो. म्हटलं, वाळू तुळशीत घाला, पाट जागेवर ठेवा. माईंनी डब्याचं झाकण उघडून पाहिलं, बोटानं वाळू थोडी हलवली. म्हणाल्या, चांगली धुतलीस, त्यांना इतकी कधी जमली नाही. मग झाकण लावून डबा माझ्याकडे सरकवला.

"तुझ्याकडंच राहू दे दोन्ही. तुला आणायला सांगितलं होतं, तू आणलंस. त्यात कमी न्हाई केलंस." पाटाची काळी कड त्यांनी बोटानं पुसली. "पण तोंड बघायला थांबायचं होतंस रे. लई वाट बघितली त्यांनी... त्या दिवसाची न्हाई म्हनत मी."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला, नेहमीसारखाच. तो हात मला अजून सोसत नाही.

आता पाट माझ्या फ्लॅटवर आहे. बापूंनी न बघितलेल्या घरात. वाळू मी पुन्हा पाटावर ओतली आहे. बायको म्हणते, कुंडीत घालून टाका, तीच रीत आहे ना? रीत तीच आहे. पण त्याआधी आरती असते, आणि ती कोणापुढे, कोणत्या तोंडानं म्हणू ते मला कळत नाही. गॅलरीत दोन मोठ्या कुंड्यांच्या काठांवर पाट आडवा ठेवला आहे, काळी पडलेली कड भिंतीकडे करून. वारा आला की वाळू थोडी सरकते. पहिल्या शिफ्टला निघण्याआधी मी ती हातानं मधे गोळा करतो आणि पाट सरळ करतो. परवा कामवाल्या मावशी फरशी पुसायला आल्या होत्या, त्यांनी पाट उचलून खाली ठेवायला घेतला. मी धावत जाऊन धरला. त्या दचकल्या. त्यांची फरशी पुसून होईपर्यंत मी तो हातात घेऊन उभा राहिलो.