अंबुबाईच्या रानातला ओढा

आमच्या गावात ओढा कुठून वाहतो असं विचारलं, की प्रत्येक जण शेजाऱ्याच्या रानाकडे बोट दाखवतो. हे मी अनुभवाने सांगतो. गेल्या उन्हाळ्यात सरपंच ऋतुजाताईंनी मला, म्हणजे या निवृत्त गंगाधर गुरुजीला, ओढ्याचा इतिहास लिहून नकाशा काढायला सांगितलं. ओढा खोल करायला मशीन येणार होतं, आणि नांगरून, बांध घालून ओढ्याचा निम्मा माग पुसून गेला होता. गुरुजी रेघ ओढतील तिथून मशीन चालणार, हे गावाला कळलं आणि त्या दिवसापासून माझ्याशी कुणी सरळ बोलेना.

ओढा तसा केवढासा. बिरोबाच्या माळावर निघतो, चार किलोमीटर खाली माण नदीला मिळतो आणि वर्षातले दहा महिने कोरडा असतो. सांगोल्याला जाणारी एसटी त्याच्यावरून जाते, पण उतारूंना पत्ता लागत नाही. विचारायला गेलो तर डाळिंबवाल्या शहाजीने तो आपल्या बागेच्या पलीकडून नेला. पलीकडच्याने तो शहाजीच्या डाळिंबांतून नेला. एकाने तर त्याला चढावर चढवला. मी तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या आहेत, मला असल्या थापा लगेच कळतात. आमच्या रानापुरतं कुणाला विचारायची गरज नव्हती. तिथली रेघ मी घरीच बसून ओढली.

मग एके सकाळी अंबुबाई स्वतःहून दारात आली. धनगरवस्तीवरची ही बाई पंच्याहत्तरीच्या पुढची. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि मागे नऊ मेंढ्या. एके काळी तिच्याकडे दीडशे होत्या. लग्न होऊन आली ती थेट मेंढरांमागे, घराचा उंबरा तिने चार महिन्यांनी पाहिला असं लीला, माझी बायको, सांगते. नवरा कोंडीबा वारून वीस वर्षं झाली. आमच्या रानाच्या खाली ओढ्याकाठचा अर्धा एकर तेवढा तिचा, त्यात ती बाजरी करते.

ती म्हणाली, "गुर्जी, ओडा माज्या रानातनं जातोय. मधोमध. तसा काडा."

मी चष्मा काढून पुसला. अर्ध्या एकरातून मशीन गेलं तर हिला बाजरी पेरायला ओंजळभर जागा उरणार नाही. असं कोण बोलतं? नक्की काहीतरी डाव असणार. शहाजीने पढवून पाठवली असेल, किंवा मशीनवाल्याकडून काही कबूल करून घेतलं असेल. मी लिहून घेतो म्हणालो आणि काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहार घेऊन मी तिच्या रानात गेलो. तीही आली. काठी टेकत ती पुढे चालली आणि मला एकेक जागा दाखवू लागली. कातरणीच्या आधी मेंढरं ओढ्यात धुवायची रीत होती. लोकर मळकी असली तर कातर चालत नाही. कुठे पाणी गुडघाभर, कुठे छातीभर, कोकरं कुठे उभी करायची, एडका कुठे बिथरायचा, हे तिला अजून पाठ होतं. एका जागी थांबून ती म्हणाली की हिच्याखाली धुण्याचा खडक आहे. मी पहार मारली. दोन हात माती, मग वाळू, गोल गोटे आणि मग ठण्ण आवाज आला. खडक होता.

माझा संशय तरी फिटला नाही. बाई खरं बोलते म्हटल्यावर तर तो वाढलाच. खोटं का बोलतात ते मला कळतं, स्वतःचं नुकसान करून खरं का बोलतात ते कळत नाही. मी आठवडाभर तिच्यावर पाळत ठेवली. शहाजीकडे जाते का, पंचायतीत जाते का ते पाहिलं. ती रोज फक्त वच्छलाच्या अंगणात जाऊन बसायची. वच्छलाचं घर ओढ्याच्या पलीकडच्या काठाला, आमच्या रानाच्या खालच्या अंगाला. लीला म्हणाली, "पोलिसात जायला हवं होतं तुम्ही. वर्गातली पोरं तरी सुटली असती."

शेवटी मी अंबुबाईला बोलावून तोंडावरच विचारलं, की यात तुमचा काय फायदा?

ती काठी बाजूला ठेवून खाली बसली. मग तिने सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी कोंडीबाने बाजरी वाचवायला रानाच्या वर बांध घातला आणि ओढा पलीकडे ढकलला. त्याच भाद्रपदात पाणी आलं ते वच्छलाच्या अंगणात शिरलं. वच्छला तेव्हा नवी नवरी होती. दाव्याला बांधलेल्या अकरा शेळ्या गेल्या. दाव्याला होत्या म्हणून गेल्या, सुटं जनावर पोहून निघतं. गावाने देवाची करणी म्हटलं. अंबुबाईने ते ऐकून घेतलं आणि तोंड उघडलं नाही.

"वच्छलाला ठावं न्हाय. आता मशीन तिकडनं चाललं तर घर ऱ्हायाचं न्हाय तिचं," ती म्हणाली.

माझा संशय फिटला. मी तिच्या देखत नकाशा पसरला आणि तिच्या रानातून मधोमध रेघ ओढली. तिला अक्षर येत नाही. पण ती खाली वाकली, माझ्या रेघेवर बोट ठेवून माळापासून चालत निघाली. हा बिरोबा, ही चिंच. बोट आमच्या रानाशी आलं आणि थांबलं.

"गुर्जी, हितं ओडा वळलाय की. ही तुमची हीर न्हवं?"

मी म्हणालो की तो तिथे पहिल्यापासून वळतो.

तिने बोट तिथून उचललं नाही.  आमची विहीर वडिलांनी, आबांनी, खणली तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा होतो. आतून निघालेल्या वाळूच्या ढिगावर मी खेळलो होतो. ओढ्याच्या पात्राखेरीज इतकी वाळू कुठून निघणार? ती विहीर म्हणजे आमची साडेतीनशे डाळिंबं. रेघ सरळ ओढली तर कठड्यासकट विहीर जाते. नाही ओढली तर पाणी आमच्या वळणावरून फेकलं जातं, ते वच्छलाच्याच दिशेने. हे सगळं मला घरी बसून रेघ ओढताना ठाऊक होतं.

अंबुबाई उठली. घोंगडी खांद्यावर नीट केली.

"अकरा शेरडं एकट्या कोंडीबानं बुडवली न्हाईत, गुर्जी. तुमच्या आबांनी वरनं पानी फिरवलं, मग त्यानं खालनं ढकललं. मी माजं सांगितलं. तुमी तुमचं सांगताय का म्हून आठ दिवस वाट बगितली."

ती मेंढ्या हाकत निघून गेली. मी नकाशासमोर बसून राहिलो. गावभराच्या थापा पकडणारा मी, आणि माझी थाप अंबुबाईने एका बोटाने धरली होती. दुपारी लीलाने जेवायला हाक मारली. मी तिच्याकडे खोडरबर मागितलं. ते घेऊन आली तेव्हा तिने नकाशातली विहीर पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि आधी जेवून घ्या म्हणाली. मी म्हणालो, आधी हे. रेघ खोडली, सरळ विहिरीतून ओढली, आणि जेवायचं तसंच ठेवून माझं सांगायला वच्छलाच्या घराकडे निघालो.