पाइपावरचे तीन ठोके

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. नववीतून शाळा सोडलेला माणूस आहे, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. पण "अरे, इको असेल" एवढं मात्र कुणी सांगू नका. ते ऐकून कान किटलेत माझे.

साल ९८ असेल. ओमानमध्ये, सोहारच्या औद्योगिक वसाहतीत मी टाक्या साफ करायच्या कामाला होतो. व्हिसा मिळवून दिला दापोलीकडच्या इस्माईलभाईंनी. उपकार जन्मभर फिटायचे नाहीत, पण माणूस हट्टी एवढा की...! यनकुलच्या डोंगरात सोन्याची बंद पडलेली खाण आहे, असं कुणीतरी सांगितलं आणि यांच्या डोक्यात किडा शिरला. जुम्म्याची नमाज झाली आणि अर्बाबला, म्हणजे आमच्या अरब मालकाला, न विचारता त्याची पिकअप घेऊन आम्ही दोघं निघालो. गाडी खाली ठेवून दगडांतून चढण. मी सारखा मागे बघतोय... अर्बाबला कळलं तर थेट घरी पाठवील!

"सुऱ्या, चल रे! तुझ्या बायकोला नथ होईल," वर इस्माईलभाई हसतायत.

खाणीचं तोंड वाकून जाण्याएवढंच. एक जुना लोखंडी पाइप आतपर्यंत गेलेला. टाकीत माणूस उतरला की आमची पद्धत ठरलेली — बाहेरच्याने दोन ठोके मारायचे, म्हणजे "ठीक आहेस ना?" आतल्याने तीन मारायचे, म्हणजे "ठीक." उत्तर येतंय तोवर बाहेरच्याने जागा सोडायची नाही. इथंही तेच ठरलं. इस्माईलभाई पाना खिशात घालून आत गेले, मी दगड घेऊन पाइपापाशी.

ठक ठक.

आतून — ठक ठक ठक.

ऊन कलायला लागलं तरी यांचा पत्ता नाही. "इस्माईलभाई, यल्ला, चला! खलास करा आता!" शब्द नाही. पाइप वाजवला की मात्र लगेच तीन. मी वैतागलो. बोलायला तोंड नाही, पाना आपटायला हात आहे!

शेवटी ते रांगत बाहेर आले. एका पायात बूट नाही, घोटा रक्ताने भरलेला.

"दगडाखाली पाय अडकला म्हणून मी आत बोंबलतोय! एकदा तरी वाजवलंस काय?"

"वाजवलं की! तुम्हीच तीन मारत होतात!"

"कशानं? डोक्यानं? आत शिरायला वाकलो तेव्हाच पाना पडला माझा."

पाना खरंच तोंडाशी वाळूत पडला होता. माझ्या पायाजवळ.

मी त्यांच्यासमोर पुन्हा वाजवलं. ठक ठक. काही नाही. पुन्हा. काही नाही! त्या पाइपाचा एवढा संताप आला... त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. त्यांना आधार देत खाली गाडीपर्यंत आणलं.

इको म्हणणाऱ्यांनो, दोनाचे दोनच परत येतील ना? तीन कसे?

इस्माईलभाई आता गावीच असतात. प्रत्येक लग्नात, थोडं लंगडत, चारचौघांत सांगतात, "मी आत मरत होतो आणि हा सुऱ्या गाडीत एसी लावून बसलेला!" सगळे हसतात. मीही हसतो, ज्यांच्यामुळे माझं घर उभं राहिलं त्यांना काय उलट बोलणार? पण "सगळं ठीक आहे" सांगून मला बाहेर थांबवून ठेवणारं आत कोण होतं, ते मला आजही कळलेलं नाही.