चांद्रयानाचे पाय आणि मधुकाका

सुधाकाकूंचा फोन आला तेव्हा मी मेट्रो स्टेशनातून नुकतीच बाहेर पडले होते. "काका गेले गं," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "तू त्यांना त्या दिवशी काय सांगितलंस? तेव्हापासून सारखे बूट मागत होते..."  त्याला आता काही आठवडे उलटले.

पुण्याहून नोकरीसाठी मॉन्ट्रियलला आले तेव्हा मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायचे. मधुकाका मूळचे नागपूरचे, साठच्या दशकात इथे आलेले इंजिनियर. पहिलीच नोकरी लागली ती नदीपलीकडच्या एका कारखान्यात, आणि तिथे चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या अमेरिकन यानाचे पाय तयार होत होते! काका तपासणी विभागात होते. पायांच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असे, यान टेकलं की ती चुरगळायची आणि धक्का जिरवायची, हे ते नव्या पाहुण्याला हातवारे करून समजावत. चंद्रावर उतरण्याचा तो सोहळा टीव्हीवर लागला तेव्हा सगळे त्या दोन माणसांचं चालणं बघत होते आणि हे मात्र मागे उभ्या असलेल्या यानाच्या पायावरून नजर हलवत नव्हते, असं काकू सांगत. यान परतताना पाय तिथेच राहिले, याचा त्यांना अभिमान वाटायचा की हुरहूर, ते मला कधी कळलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा पाय गेला. बोलणं परत आलं, पण काळाची सरमिसळ झाली. त्यांचा एडमंटनला राहणारा मुलगा फोनवर काकूंना म्हणायचा, "आई, डॅड इज कन्फ्यूज्ड. जस्ट अग्री विथ हिम." आणि नेमकं त्याच सुमारास चंद्रावर पहिला उतरलेला तो माणूस वारला. काकूंनी हॉस्पिटलच्या खोलीतला टीव्ही बंद ठेवायला लावला होता, पण शेजारच्या पेशंटचा चालूच होता. बातम्या फ्रेंचमध्ये. काकांना फ्रेंच चांगलं यायचं. पडद्यावर चंद्र, यान, तो तरुण चेहरा, आणि निवेदिका म्हणतेय की तो गेला.

मी भेटायला गेले तर काकांचा चेहरा पांढराफटक. माझं मनगट धरून म्हणाले, "कुठला पाय वाकला?" मला आधी काही बोधच होईना. मग लक्षात आलं, त्यांना वाटत होतं, तो उतरतानाच गेला. नुसतं हो म्हणणं मला शक्य नव्हतं. मी सांगितलं की यान सुखरूप टेकलं, दोघं मनसोक्त चालले, परत आले, आणि हा तर पुढे खूप वर्षं जगून, म्हातारा होऊन आत्ता गेला.

"म्हणजे पाय उभे आहेत?"

"उभे आहेत काका. एकही वाकला नाही."

 त्यांनी पांघरुणाखाली हात घालून स्वतःचा उजवा गुडघा चाचपला आणि अगदी शांतपणे विचारलं, "मग हा का उचलत नाही?"

 त्या संध्याकाळपासून त्यांनी बूट मागायला सुरुवात केली. काकूंनी शेवटी घरून बूट आणून पलंगाखाली ठेवले. त्यांना घरी यायचं होतं, की मी सांगितलेलं ऐकून दुसरीकडेच कुठे निघायचं होतं... काकू मला विचारतात, मी त्यांना विचारते.

परवा त्यांच्याकडे जेवायला गेले होते. काका हयात असताना ताटं मांडण्याआधी टेबलाचा कोपरा दाबून बघायचे आणि जराही डुगडुगलं तर पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायचे, माझ्याकडे जेवायला आले तरी. काकू वरण वाढत होत्या आणि टेबल किंचित हललं. आम्ही दोघींनी एकदमच खाली वाकून पाहिलं. घडी जागेवर होती. काकूंनी ती बोटानं आत सारली, तरी टेबल हलतच होतं. मग आम्ही तसंच जेवलो, एक हात टेबलावर ठेवून.