पोकळ थप्पी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला सांगायला हवं होतं का? बहुतेक हो. पण तिनं सगळ्यात आधी प्रज्ञाला फोन लावला असता, आणि तेवढ्याच भीतीनं मी इतकी वर्षं घरात गप्प आहे. तुम्ही प्रज्ञाला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. नागपूरला धरमपेठेत ऑफिस, स्वतःचं. दारावरच्या पाटीला गंज चढलाय, पण नाव वाचता येतं. लोक मला सरळ माणूस म्हणतात. आमच्या धंद्यात 'सरळ' म्हणजे जो भांडत नाही तो. ज्याला पार्टीच्या — आम्ही क्लायंटला पार्टीच म्हणतो — डोळ्यात डोळे घालून 'नाही, यावर सही होणार नाही' म्हणता येतं, त्याला तिरसट म्हणतात. मी कधीच तिरसट नव्हतो. आयुष्यात एकदा तरी तिरसट व्हायला हवं होतं.

प्रज्ञा माझ्याकडे आर्टिकलशिपला होती. म्हणजे सीए व्हायच्या आधीची उमेदवारी, गुरूच्या ऑफिसात तीन वर्षं राबायचं. नागपूरजवळच्या खाप्याची मुलगी. वडील तिथल्या शाळेत शिपाई होते. रोज बसनं यायची, पहिल्या वर्षी तर मराठी सोडून दुसऱ्या भाषेत तोंड उघडायला घाबरायची. पण काम? डोळ्यांत तेल घालून. माझ्या चुका ती मला खासगीत दाखवायची, दार लोटून घेऊन, इतर मुलांसमोर कधीच नाही. पास झाल्यावर तिनं नागपूरला लागून असलेल्या वाडीला, ट्रकांच्या गर्दीत, एका गॅरेजच्या वर खोली भाड्यानं घेतली आणि स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. उद्घाटनाला मी गेलो होतो. तिचे वडील पाटीसमोर उभे होते. पाटीवर मुलीच्या नावापुढे 'सीए' लिहिलेलं, ते बोटानं पुसत होते. धूळ नव्हती. तरी पुसत होते.

त्या दिवशी मला आनंद झाला होता. हे खरं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. कारण वर्षभरात माझ्या वाडीच्या दोन पार्ट्या तिच्याकडे गेल्या. तिनं ओढल्या नव्हत्या. तिचं ऑफिस त्यांना जवळ पडत होतं, आणि ती फोन उचलायची, मी उचलायचो नाही. बस, एवढंच. मी हसून म्हटलं, "घे गं, माझीच मुलगी आहेस." पण मनात काहीतरी रुतलं. मोठ्या मनाचा आव आणणं किती सोपं असतं, नाही?

आता शेठजींबद्दल. डाळीचे व्यापारी, वाडीला अमरावती रोडवर मोठं गोदाम. माझे फार जुने. त्यांच्या शब्दावर माझ्याकडे अर्धी वाडी आली होती — ट्रान्सपोर्टवाले, पोत्यांचे ठेकेदार, एक कोल्ड स्टोरेज. शेठजी बँकेकडून मालावर कर्ज उचलायचे. गोदामात जितका माल, त्या हिशेबानं कर्ज. म्हणून मार्च संपला की त्यांचा माल मोजायला आमच्या ऑफिसातून कोणीतरी जायचं. पोत्यांच्या थप्प्या लावलेल्या असतात, लांबी-रुंदी-उंची मोजून गुणाकार केला की झालं. शितावरून भाताची परीक्षा, हाच आमचा धर्म. दरवर्षी मुलं जायची, खालूनच टेप धरायची, चहा पिऊन परत यायची. मी कधी विचारलं नाही की थप्पीवर चढला होतास का.

त्या वर्षी ऑफिसात मुलं कमी होती, म्हणून मी स्वतः गेलो. एप्रिलचं ऊन, वर पत्र्याचं छप्पर. कशाला चढलो, मलाच माहीत नाही — बहुधा सोबतच्या हमालांसमोर साहेबी दाखवायला. शिडी लावली, वर गेलो. थप्पीवर ताडपत्री होती. चार पावलं टाकली असतील, आणि पाय आत गेला.

पोतं नव्हतंच. कडेनं हरभऱ्याची पोती भिंतीसारखी रचलेली, आणि मध्ये लाकडाच्या फळ्या टाकून वरून ताडपत्री. एक फळी सरकलेली होती. माझा पाय गुडघ्यापर्यंत हवेत लोंबत होता. मी ताडपत्री वर करून खाली पाहिलं. आत रिकामी जागा होती, चांगली एखाद्या खोलीएवढी, आणि तळाशी कोणीतरी गुटख्याच्या पुड्या टाकलेल्या.

मी पाय काढून घेतला. खाली मुकादम उभा होता, गोदामाचा जुना माणूस. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तो म्हणाला, "साहेब, उतरा आता. चहा सांगतलाय."

मी उतरलो. चहा प्यायलो. बाकीच्या थप्प्यांवर चढलो नाही. पँटला लागलेली धूळ झटकली. मुकादम माझ्याकडे बघत होता, आणि मी मात्र हरभऱ्याचा भाव विचारला.

काय करायला हवं होतं? ते कोणताही पहिल्या वर्षाचा मुलगा सांगेल. थप्प्या उघडायला लावायच्या, नाही उघडल्या तर तसं लिहून द्यायचं. पण मग पुढचा प्रश्न आला असता — मागच्या वर्षी काय होतं? त्याच्या मागच्या? त्या सगळ्या वर्षांवर माझ्या सह्या होत्या. त्या थप्प्या तेव्हा भरलेल्या होत्या की नव्हत्या, मला आजही माहीत नाही. आणि शेठजी दुखावले की अर्धी वाडी जाणार. घरी येऊन जेवलो, झोपही लागली. ती का लागली, हे मला अजून कळलेलं नाही.

पंधरवड्यानं मी शेठजींना कळवलं की मानेचा त्रास आहे, व्याप झेपत नाही, यंदापासून दुसरा ऑडिटर बघा. सही करायची नाही आणि भांडायचंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेठजी हुशार. मुकादमानं त्यांना सांगितलं होतं की नाही कोण जाणे, पण त्यांनी कारण विचारलं नाही. फक्त म्हणाले, "मग कोणी आपल्यातलंच द्या साहेब. विश्वासाचं."

आणि मी प्रज्ञाचं नाव दिलं.

इथे थांबतो जरा. दुसरं कोणाचंही नाव देता आलं असतं. देऊच नये, हेही करता आलं असतं. तिचंच का? मी स्वतःला सांगायचो की ती वाडीत बसते, जवळ आहे, म्हणून तोंडात आलं. खोटं आहे ते. त्या दोन पार्ट्या माझ्या डोक्यात होत्या. मोठी पार्टी हवी होती ना, घे. तिचं वाटोळं व्हावं असं नव्हतं मनात — पण तिला एकदा ठेच लागावी, असं होतं. ठेच. एवढासा शब्द आहे.

आमच्यात एक रीत आहे. जुन्या ऑडिटरला विचारल्याशिवाय नवीन माणूस काम घेत नाही. रीतसर पत्र येतं, तुमची काही हरकत आहे का. हा सभ्यपणा नसतो, ही राखण असते. जुन्याला जे माहीत आहे ते नव्याला कळावं, म्हणूनच ती रीत आहे. प्रज्ञाचं पत्र आलं. मी एका ओळीचं उत्तर पाठवलं: हरकत नाही.

पण ती प्रज्ञा होती. तिनं फोनही केला. मार्च उलटून गेलेला, गेलेल्या मार्चचा माल तिला आता मोजता येणार नव्हता. त्यासाठी तिला माझ्याच शब्दावर उभं राहायचं होतं. म्हणाली, "सर, मार्चचा माल आपल्या ऑफिसनं मोजला होता न? बरोबर होता?"

"हो वं. मी स्वतः गेलो होतो."

"मग झालं सर. मले बाकी काही नाही पाहिजे."

तिनं हे लेखी मागायला हवं होतं. दुसऱ्या कोणाकडूनही मागितलं असतं, तेवढी ती पक्की होती. पण सरांकडून लेखी मागायचं? म्हणजे सरांवर अविश्वास? आमच्याकडे शिकलेली मुलं असं करत नाहीत. मला ते माहीत होतं. ती मागणार नाही हे मला माहीत होतं.

तिनं सही केली. तिच्या सहीवर शेठजींनी वाढीव कर्ज उचललं. हिवाळ्यात हप्ते थकले, बँकेची माणसं गोदामात आली, त्यांनी थप्प्या पाडल्या. पेपरात फोटो आला. शेठजी त्याआधीच गावातून गेलेले.

मग सगळं तिच्यावर. चौकशी झाली, आमच्या सीएंच्या संस्थेच्या समितीसमोर तिला उभं केलं. तुम्ही न मोजलेला माल कशावरून मान्य केलात? हा एकच प्रश्न होता. तिच्याकडे उत्तर होतं. त्या उत्तरात माझं नाव होतं.

सुनावणीच्या आधी ती माझ्या ऑफिसात आली. मी वाटच बघत होतो, खोटं कशाला बोलू. उत्तरंही तयार होती — मला आठवत नाही, फोनवर काय बोललो ते कसं सांगता येईल, वगैरे. ती बसली. वाळली होती. म्हणाली, "सर, एकच विचारते. तुम्हाले तेव्हा काही माहीत होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

तिचा चेहरा सैल झाला. मोकळा झाला म्हणा. "मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "तुम्हीही फसले असान सर. त्यांनी तुम्हालेही वरवर दाखवलं असन. मी तुमचं नाव नाही घेत. आता या वयात तुम्हाले काहून ओढू?"

मी तिला थांबवलं नाही. समितीपुढे ती म्हणाली की चूक तिची, तिनं तपासायला हवं होतं. सभासदांच्या यादीतून तिचं नाव काही वर्षांसाठी काढून टाकलं. वाडीची पाटी उतरली. ती उतरवायला वडील आले होते की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

विमानतळापलीकडे मिहानमधल्या एका कंपनीत तिला नोकरी लागली, हिशेब लिहायची. ती हिशेब तयार करते, त्यावर सही दुसरा कोणी करतो. दिवाळीत ती आमच्याकडे फराळाला येते. बायको तिला डबा भरून देते आणि ती गेल्यावर मला म्हणते, किती माया आहे पोरीची तुमच्यावर. मी टीव्हीचा आवाज वाढवतो. कधी जिना उतरताना, अगदी आपल्याच घरचा जिना, पाय खाली पोहोचायच्या आधी मला वाटतं की पायरी नसणार. मी कठडा धरून उभा राहतो. लोकांना वाटतं, मान.

तुम्हाला वाटेल, कबुली झाली. मलाही वाटलं होतं की सांगायचं ते एवढंच आहे. जुनं पाप, मागे पडलेलं. तसं असतं तर मी आज हे लिहायला बसलोही नसतो.

या उन्हाळ्यात तिची मुदत संपली. नाव पुन्हा यादीत आलं. शनिवारी दुपारी ती ऑफिसात आली, हातात संत्रा बर्फीचा डबा. पुन्हा प्रॅक्टिस सुरू करायची म्हणत होती. वाडीलाच एक खोली बघून ठेवली होती, मालकाला तोंडी हो म्हटलं होतं. इतक्या वर्षांत तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं, भराभर, हात हलवत. मग म्हणाली, बँकांचं काम मिळवायचं तर त्या जुन्या प्रकरणाचं स्पष्टीकरण लिहून द्यावं लागेल. त्यासाठी ती जुन्या मुकादमाला भेटणार होती. तो आता वाडीलाच पानठेला चालवतो. "त्याले सगळं माहीत असन सर. कोणाकोणाले माहीत होतं, तेही. नाही का?"

कूलर चालू होता. तरी मी उठून तो आणखी वाढवला.

मी तिला समजावलं. शांतपणे, वडीलधाऱ्यासारखं. म्हटलं, बाजारात आता काही राम नाही. लोक विसरत नाहीत, पाटी बघून आधी तीच बातमी आठवेल. आहे ती नोकरी चांगली आहे, महिन्याचा पगार येतो. मेलेलं कशाला उकरतेस, आपल्याच नाकाला वास येतो. आणि त्या मुकादमासारख्या माणसांच्या नादी तर लागूच नकोस. यातलं काही खोटंही नव्हतं. ती ऐकत होती.

मग तिनं मान हलवली. माझ्यासमोरच तिनं मोबाइल काढला आणि खोलीच्या मालकाला फोन लावला. "काका, ती खोली दुसऱ्या कोणाले देऊन टाका. माझं जमून नाही राहिलं." तिकडून ते काहीतरी विचारत होते. ती "नाही, नाही, असंच" म्हणत राहिली.

फोन ठेवून तिनं बर्फीचा डबा माझ्याकडे सरकवला. डोळे पुसले, आणि हसली.

"बरं झालं सर, तुम्हाले विचारलं."

मी एक तुकडा उचलला आणि म्हटलं, "केव्हाही विचारत जा."