थोरल्यांच्या कोटाचा आतला खिसा

मास्तरांच्या दुकानात शिरलं की डाव्या हाताला आरसा, उजव्या हाताला इस्त्रीचं टेबल आणि समोरच्या भिंतीवर एक चौकोनी पांढरट डाग. या डागाच्या जागी पूर्वी थोरल्यांची तसबीर होती. एकतीस वर्षांपूर्वी मास्तरांनी ती काढून माळ्यावर टाकली, आणि भिंतीला रंग द्यायचं तेव्हापासून त्यांच्या मनात आहे. मास्तर कोटाचं काज इतकं रेखीव करतात की आतून बघितलं की बाहेरून, कळू नये. पण स्वतःच्या दुकानाचं दार गेली नऊ वर्षं सुतळीने बांधलेलं आहे.

थोरले म्हणजे आपले दिवंगत देशप्रमुख. मोठ्या चौकात त्यांचा पुतळा आहे, हात पुढे केलेला, छाती काढलेली, पोट सपाट. मास्तर त्या चौकातून जाताना दर वेळी थांबतात आणि मान हलवतात.

"सेहेचाळीस इंच कंबर," ते सोबतच्याला सांगतात. "कुठे गेली ती? आणि डावा खांदा पाऊण इंच खाली होता. मी आत कापूस भरून वर आणायचो. हे देशात दोघांनाच ठाऊक. एक मी आणि एक त्यांच्या बाई. बाई गेल्या."

म्हणजे थोरल्यांचे कोट मास्तरच शिवायचे, पूर्ण अकरा वर्षं. मग एके दिवशी ते काम बंद झालं, आणि का बंद झालं ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारण समोरचा सलूनवाला कुणाला विसरू देत नाही. मास्तर दुकान उघडायला आले की तो गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा न उचलता, आरशातूनच म्हणतो, "टिंग." बस. एवढंच. एकतीस वर्षं.

त्याचं असं झालं होतं. सरकारी बंगल्यावर परदेशी पाहुण्यांना दुपारचं जेवण होतं. थोरल्यांनी पहिल्याच पदार्थाला कोटाचं बटण उडवलं, म्हणून मास्तरांना गाडी पाठवून आणलं. मास्तरांनी बाजूच्या खोलीत बटण लावून दिलं आणि परतीच्या गाडीची वाट बघत स्टुलावर बसले. जेवण आटोपलं आणि लक्षात आलं की टेबलाच्या टोकाशी ठेवलेली चांदीची छोटी घंटी, वाढप्यांना बोलवायची, ती जागेवर नाही. मग धावपळ. आचारी तपासले, वाढपी तपासले, मास्तरांची पिशवी उलटी केली. पिशवीत सुया, खडू, दोऱ्याची रिळं आणि हिरव्या फ्लॅनेलचा एक तुकडा निघाला.

आता हे फ्लॅनेल कशाचं, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. महिन्यापूर्वीच थोरल्यांनी सांगितलं होतं, "मास्तर, कोटाला आतून एक खोल खिसा करा. माझी मूठ मावेल एवढा. आणि त्याला फ्लॅनेलचं अस्तर लावा, आतल्या वस्तू वाजतात." मास्तरांना वाटलं, चष्मा असेल, औषधाची बाटली असेल. मोठी माणसं, त्यांच्या हजार गोष्टी. त्या दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थोरले समोरच उभे होते. कोट डाव्या बाजूला मुठीएवढा फुगला होता. स्वतः शिवलेला कोट कुठे फुगतो हे शिंप्याला दिसणार नाही तर कुणाला दिसणार?

मास्तरांनी तोंड उघडलं. पण त्याआधी थोरल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जाऊ द्या त्याला. गरीब माणूस आहे. मी क्षमा केली."

झालं. माणसावर आळ आला तर तो झटकता येतो. क्षमा कशी झटकणार? पेपरात तीन ओळी आल्या. पुढे थोरल्यांच्या प्रत्येक चरित्रात 'चोर शिंप्याला क्षमा' असा प्रसंग आला, आणि दर चरित्रात घंटी थोडी मोठी होत गेली. त्यात भर म्हणजे मास्तर दोन दिवसांनी उरलेलं कापड परत करायला थोरल्यांच्या घरी गेले, तर मागच्या दाराशी उभं असताना वरच्या झोपायच्या खोलीतून आवाज आला: टिंग. दोन नोकर चहाचा ट्रे घेऊन जिन्याने धावले. मास्तर कापड ठेवून घरी आले आणि त्यांनी तसबीर काढली. ज्याला त्याला हे सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. सलूनवाला म्हणाला, "थोर तेवढा चोर, असं म्हणताय होय मास्तर?" आणि तेव्हापासून त्याचं टिंग सुरू झालं.

असे सगळे दिवस चालले असताना एका सकाळी दुकानापुढे मोठी गाडी थांबली आणि तिच्यातून सिनेमाच्या कपड्यांचं खातं सांभाळणाऱ्या बाई उतरल्या. गळ्यात टेप, केसांत पेन्सिल.

"थोरल्यांवर सिनेमा काढतोय," त्या म्हणाल्या. "त्यांचे कोट तुम्ही शिवायचात असं कळलं. मापं आहेत का अजून?"

मास्तरांनी फळीवरून मापांची वही काढली, फुंकर मारली. बाईंनी खांद्याचं माप वाचलं, कंबरेचं वाचलं आणि हसल्या. "कंबर आपल्या हिरोची बत्तीस आहे. तेवढं सोडू. बाकी सगळं हुबेहूब हवं. अगदी काजासकट."

कोणत्या प्रसंगाला कोणता कोट ते कळावं म्हणून बाई प्रसंगांची यादी ठेवून गेल्या. मास्तरांनी चष्मा लावून वाचायला घेतली. प्रसंग बारा: थोरले पुरात उभे, करडा कोट. प्रसंग तीस: थोरले एकटे, खिडकीपाशी, काळा कोट. प्रसंग सत्तेचाळीस: मेजवानी. चोर शिंपी पाया पडतो. थोरले त्याला उठवून क्षमा करतात. बंद गळ्याचा कोट.

मास्तर तसेच मशीनवर बसून राहिले. आतून मास्तरीणबाई आल्या.

"चहा निवतोय. काय झालं?"

"मला पाया पडायला लावलंय."

"कुणी?"

"सिनेमानं. आतापर्यंत गल्लीला माहीत होतं. आता सगळा देश बघेल."

मास्तरीणबाईंनी यादी वाचली. त्यांचं वाचन कमी, पण नजर पक्की. "मग कोट शिवू नका."

"मी नाही शिवला तर दुसरा शिवेल. आणि खांदा चुकवेल."

"बरं, म्हणजे अब्रू जाईना का, खांदा बरोबर बसला पाहिजे," असं म्हणून त्या चहा परत गरम करायला गेल्या.

मास्तरांनी कोट शिवला. बंद गळा, डाव्या खांद्यात पाऊण इंच कापूस, काजं आतून-बाहेरून सारखी. आणि सांगितलं नव्हतं तरी आतल्या बाजूला एक खोल खिसा, मूठ मावेल एवढा. फ्लॅनेलचं अस्तर. हिरवं. मग तो कोट हातावर टाकून ते स्वतः स्टुडिओत गेले.

दिग्दर्शक तरुण होता, दाढी राखलेला, खूप थकलेला. मास्तरांनी सगळं सांगितलं: बटण, स्टूल, मूठ, टिंग. दिग्दर्शकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, आमचा सिनेमा आंधळी भक्ती दाखवत नाही. थोरल्यांचे दोष आम्ही ठळक दाखवलेत."

"कोणते?"

"ते फार काम करायचे. घराकडे दुर्लक्ष व्हायचं."

"अजून?"

"रागावायचे. म्हणजे जनतेच्या दुःखाने. आणि माणसांवर पटकन विश्वास ठेवायचे, लगेच क्षमा करायचे. तो तर मोठाच दोष. प्रसंग सत्तेचाळीस त्यावरच आहे."

"आणि घंटी उचलली, तो?"

दिग्दर्शकाने कपाळ चोळलं. "मास्तर, राग मोठ्या पडद्यावर चालतो. विश्वासघातसुद्धा चालतो, मागे ढग दाखवले की झालं. पण घंटी? घंटी उचलणाऱ्या माणसाकडे प्रेक्षक तीन तास कसे बघतील? मोठा माणूस चुकला तरी चूक त्याच्या मापाची पाहिजे."

मास्तरांच्या तोंडावर आलं होतं की मापं माझ्याकडे आहेत. पण तेवढ्यात हिरो कोटाची ट्रायल द्यायला आला. उंच, देखणा, आरशात बघताना स्वतःवरच खूश. त्याने कोट चढवला, इकडे वळला, तिकडे वळला, हात आत घातला आणि थबकला.

"हे काय आहे? इतकं मऊ?"

मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हिरो ऐकत गेला तसे त्याचे डोळे चमकायला लागले. नटाची मोठी अडचण काय असते, तर बोलत नसताना हातांचं काय करायचं. या माणसाला हातांसाठी अख्खा खिसा मिळाला होता. त्याने टेबलावरची कात्री उचलली, हलक्या हाताने आत सरकवली, चेहरा साधुसंतासारखा ठेवला आणि अंगाला झटका देऊन पाहिला. आवाज नाही.

"सत्तेचाळीसमध्ये घंटी मी घेणार," तो दिग्दर्शकाला म्हणाला. "नाहीतर मी हा प्रसंग करत नाही."

दिग्दर्शकाच्या तोंडचं पाणी पळालं. थोरल्यांच्या घरच्यांची परवानगी, सरकारची सवलत, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. पण पोस्टरवर चेहरा हिरोचा होता. तो म्हणाला, "बघतो."

मास्तर तरंगत घरी आले. वाटेत चौकातल्या पुतळ्याकडे बघून त्यांनी पहिल्यांदाच मान हलवली नाही. "पाया पडणं गेलं," त्यांनी मास्तरीणबाईंना सांगितलं. "घंटी तेच उचलणार. सगळ्या देशासमोर." त्यांनी गल्लीत पाच जणांना सांगितलं. सलूनवाल्याला मुद्दाम दोनदा.

सिनेमा लागला तेव्हा दुपारच्या खेळाला अर्धी गल्ली गेली. मास्तरांनी स्वतःचा लग्नातला कोट उसवून वाढवून घेतला होता. सलूनवाला बरोबर मागच्या रांगेत बसला, टिंग करायला सोयीचं पडावं म्हणून.

सेहेचाळीस प्रसंग मास्तरांनी फक्त खांदे बघितले. खांदे बरोबर होते. मग मेजवानी आली. पाहुण्याने घंटी वाजवली आणि एक म्हातारा वाढपी धावत आला, अडखळला, पडला. संगीत गंभीर झालं. थोरल्यांच्या डोळ्यांत पाणी. हात हळूच टेबलावर गेला, घंटी उचलली, आतल्या खिशात सरकली. मास्तर खुर्चीत पुढे सरकले. झालं, आलं पडद्यावर.

पण प्रसंग संपेना. पुढच्या दृश्यात थोरले एका शिंप्याच्या दुकानात उभे. दुकान महालाएवढं, शिंपी रुबाबदार, पिळदार दंडाचा. थोरले म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिवलेल्या या खिशात मी आज गुलामगिरी बंद करून आणली आहे. यापुढे या देशात माणसाला घंटी वाजवून कुणी बोलावणार नाही." शिंपी म्हणाला, "आळ माझ्यावर येऊ द्या साहेब. देशासाठी मी चोर व्हायला तयार आहे." दोघांनी मिठी मारली. मागे ढग होते.

थिएटरात टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टी मारली. मास्तर अर्धवट उठून उभे राहिले होते, म्हणून लोकांना वाटलं ते मानवंदना देताहेत. मग सगळेच उठले.

"अहो, बसा," मास्तरीणबाई कुजबुजल्या. "तुमचा नट दिसायला चांगला घेतलाय."

बाहेर पडल्यावर सलूनवाला समोर आला. मास्तरांनी टिंगची तयारी ठेवली होती. सलूनवाल्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे ओले होते. "एकतीस वर्षं मास्तर," तो म्हणाला. "एकतीस वर्षं मी तुम्हाला बोललो आणि तुम्ही देशासाठी ऐकून घेतलंत."

"अरे, तसं नाही ते," मास्तर म्हणाले. "घंटी त्यांनी चहा मागवायला नेली. मी स्वतः ऐकलंय. दोन नोकर पळत गेले जिन्याने."

सलूनवाल्याने हात सोडला. "पुरे हं मास्तर. इतक्या थोर माणसाबद्दल असं बोलणं तुम्हाला तरी शोभत नाही."

घरी आल्यावर मास्तरीणबाईंनी चप्पल काढता काढता विचारलं, "घंटी कुणी घेतली असं दाखवलं?"

"त्यांनी."

"तुम्ही घेतली असं दाखवलं?"

"नाही."

"मग जेवायला बसा."

मास्तर बसले, पण भात नुसता कालवत राहिले. चोर म्हणून ओळखत होते तेव्हा निदान खोटं लोकांचं होतं. आता मान मिळत होता, आणि खोट्यात आपलाही वाटा होता. तिसऱ्या दिवसापासून सलूनवाला सकाळी उभा राहून नमस्कार करू लागला. मास्तरांना ते टिंगपेक्षा जड जाऊ लागलं.

आठवडा गेला. एका दुपारी दुकानात एक गृहस्थ आले. येत्या निवडणुकीला उभे राहणार होते; गल्लीच्या तोंडाशी त्यांचा बोर्ड दोन दिवसांपूर्वीच लागला होता. हसणं बोर्डावरचंच होतं.

"मास्तर, बंद गळ्याचा कोट. थोरल्यांसारखाच. आणि तो आतला खिसा विसरू नका."

मास्तरांनी टेप गळ्यातून काढला. "काय ठेवणार त्यात?"

"अहो, ती परंपरा आहे," गृहस्थ म्हणाले. "जनतेची वेदना."

"किती मोठा करू?"

गृहस्थांनी क्षणभर विचार केला. त्यांनी आधी एक मूठ दाखवली. मग दुसरी मूठ तिच्या शेजारी आणून ठेवली.

मास्तरांनी वहीत माप लिहिलं, डावा खांदा तपासला, सरळ होता. चार दिवसांत कोट तयार झाला. काजं आतून-बाहेरून सारखी, खिसा खोल, दोन मुठींचा. गृहस्थ घालून बघून खूश झाले आणि तसेच अंगावर चढवून पहिल्या मोठ्या जेवणाला गेले.

ते गेल्यावर मास्तरीणबाई दुकानात झाडू मारायला आल्या, तर हिरव्या फ्लॅनेलचा तुकडा तसाच फळीवर, घडी न मोडलेला.

"अहो, हे लावायचं राहिलं की. आतल्या वस्तू वाजतील."

"राहिलं नाही," मास्तर म्हणाले, आणि सुईत दोरा ओवायला घेतला. आज कितीतरी वर्षांनी तो पहिल्या झटक्यात गेला.