हलून राहिलेली जमीन

नागपूरला उतरलो तो तोंड वाकडं करूनच. भूकंप झालाच तर शहरातली कुठली जमीन किती हलेल, याचा नकाशा करायचं काम गळ्यात पडलं होतं. मी कोयनेकाठचा. आमच्याकडे फडताळातली भांडी वाजली, की माणसं मुकाट्यानं अंगणात येतात. इथं रिक्षावाला हसला. "नागपुरात कायचा भूकंप, साहेब? इथं उन्हानंच माणूस हलते!"

सदरला तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा जाळ रस्सा) खाऊन नाक पुसत गांधीबागेच्या कापडबाजारात यंत्र मांडलं. ते जमिनीची बारीक थरथर टिपतं. जवळून कुणी चाललं तरी बिघडतं. कापडाच्या गठ्ठ्यांची हातगाडी नेमकी त्याला घासून गेली. सकाळ पाण्यात गेली.

दुपारी शहराच्या कडेच्या एका वस्तीत, कमलाबाईंच्या अंगणात यंत्र मांडून बसलो. बाई एकटीनं संसार ओढलेल्या. मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात, दिवाळीनंतर त्याचं लग्न. त्याच्यासाठी वर खोली चढवायची होती. स्लॅबवर सोडलेल्या सळयांना दोरी बांधून लुगडी वाळत घातली होती.

पडद्यावरची रेघ पाहून त्या दचकल्या. "काहून गा भाऊ, घर हलून राहिलं काय?"

काहून म्हणजे का, आणि हलून राहिलं म्हणजे हलतंय. माझ्या कानाला मात्र ते 'हललं, तरी राहिलं' असं ऐकू आलं, आणि बरं वाटलं.

"जमीन सगळीकडेच थोडी थरथरते, मावशी. इथं खाली काय होतं?"

"नाला होता ना. मुरूम टाकून बुजवला, अन् ले-आउट पाडला."

निकाल परस्पर कुणाला सांगायचा नाही, असा आम्हाला दंडक. पण त्या सळया बघून राहवेना. म्हटलं, "भूकंप होईलच असं नाही. झाला, तर ही भरावाची जमीन जास्त हलेल. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय मजला चढवू नका."

"मंग पोराले अन् सुनेले ठेवू कुठं?"

मी यंत्र आवरायला घेतलं. त्यांनी तरीही चहा केला, आणि निघताना माझा नंबर मागून घेतला.

घरी येऊन नकाशा रंगवला. नाल्याची ती वस्ती लाल झाली. काम चोख झालं म्हणून शाबासकीही मिळाली.

दिवाळी उलटल्यावर एकदा कमलाबाईंचा फोन आला. लग्न छान झालं म्हणाल्या.

"अन् खोली?" मी विचारलं.

"तुमचं ऐकलं, भाऊ. नाही चढवली. पोरगा-सून बुटीबोरीले खोली करून राहून राहिले. इथं मी एकटीच राहिली."

हे 'राहिली' मात्र मला लगेच कळलं.