तिसगावचा शॉर्टकट आणि पर्समधलं लायसन

सासूबाईंना मढीला कानिफनाथांच्या दर्शनाला जायचं होतं. त्यांचं माहेर शेजारचंच तिसगाव, त्यामुळे त्यांनी 'मढीला जाऊ' म्हणणं ही विनंती नसते, हुकूम असतो. रविवारी सकाळी सावेडीतल्या घरून निघालो. सारथी अर्थातच आमचे हे. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी 'वाहतुकीचे नियम पाळा' पाठवणारा माणूस चालवतोय म्हटल्यावर काळजी कसली!

लायसन माझ्याकडेही आहे बरं का. रेल्वेत दाखवलं, बँकेत दाखवलं, सिम कार्ड घेताना दाखवलं. फक्त गाडी चालवताना दाखवायचं राहिलं होतं. आधी गाडी नवी म्हणून माझ्या हातात द्यायची नव्हती, मग जुनी झाली तर तिचा क्लच नाजूक झाला. माहेरी काष्टीला गेले की भावाची पिकअप मीच बाजारात नेते, पण ते ह्यांच्या लेखी ड्रायव्हिंग नाही, ती 'गंमत'. मढीच्या वाटेवरच्या करंजी घाटात मला एकदा तरी स्वतः गाडी चालवायची होती. त्यावर ह्यांचं ठरलेलं उत्तर, "बघू."

तुम्ही जाणार असाल तर सांगते, रस्ता चांगला आहे, घाटात मात्र ट्रक फार. घाट उतरल्यावर मिसळ खाल्ली. रस्सा जपून मागा, कानातून वाफा निघतात. तिघांचं पोट शंभराच्या दोन-तीन नोटांत भरलं.

तिसगाव जवळ आलं तसा समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याने दिवे मारले आणि हात बाहेर काढून ओरडला, "फुडं थांबलेत!" आपल्याकडे माणुसकी अजून शिल्लक आहे ती या एका कामात. ह्यांनी कचकन ब्रेक मारला आणि गाडी बाभळींमधल्या कच्च्या रस्त्यावर घातली.

"हा काय प्रकार?" मी विचारलं.

"शॉर्टकट."

"कागदपत्रं आहेत ना सगळी?"

"आहेत गं. उगाच वेळ खातात ते लोक."

मागून सासूबाई म्हणाल्या, "आरं, ह्यो रस्ता फिरून बाजारापाशीच निघतो. तितंबी पोलीस आसत्यात."

"आई, तू जरा गप्प बस."

खड्ड्यांतून हाडं खिळखिळी करून आम्ही बाहेर पडलो ते थेट हवालदारांच्या पुढ्यात. आमच्यासारखे बरेच हुशार आधीच ओळीने उभे होते.

"लायसन?" हवालदार म्हणाले.

ह्यांनी आधी खिसे चाचपले, मग म्हणाले, "मोबाईलमध्ये आहे."

"चालतंय की. दावा."

दाखवलं. मुदत गेल्या दिवाळीच्या आधीच संपलेली! म्हणजे नियमांचे मेसेज पाठवणारे आमचे हे इतके महिने नुसत्या आत्मविश्वासावर गाडी चालवत होते. मला तिथेच हसू फुटलं आणि रागही आला.

"माझी वर ओळख आहे," ह्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. "फोन लावू का?"

"लावा ना साहेब. मी हितंच हाय."

फोन लागला, पण पलीकडून कोणी उचलला नाही. पाच हजारांचं चलान मोबाईलवर आलं. हे किल्ली फिरवायला लागले तसा हवालदारांनी खिडकीवर हात ठेवला. "दंड भरला म्हणून लायसन मिळत न्हाई, साहेब. गाडी आता लायसनवालं मानूसच नेनार. हाय का कुनाकडं?"

मी पर्समधून माझं काढलं. त्यांनी तारीख पाहिली. "ताई, परतताना जमंल का घाटातनं?"

"नाही हो, तिला सवय नाही," हे म्हणाले.

"साहेब, इच्यारलं त्यांना."

"जमेल," मी म्हणाले आणि ह्यांच्याकडून किल्ली मागून घेतली.

गाडी दोनदा बंद पडली. मागच्या हुशारांनी हॉर्न वाजवून घेतले. तोवर सासूबाई उठून पुढच्या सीटवर आल्या आणि ह्यांची रवानगी मागे झाली. मढीला दर्शन झालं, रेवड्या घेतल्या. तुम्हीही घ्या, पण पुडा मागच्या सीटवरच्या माणसाकडे देऊ नका. घाट येईपर्यंत आमचा अर्धा संपला होता.

घाटाच्या चढावर पुढे उसाचा ट्रक, मागे एसटी. पहिला गिअर, क्लच, हँडब्रेक, आणि मागे हे हवेतच ब्रेक दाबतायत. "हळू... हळू गं..." ट्रकवाल्याने हात करून वाट दिली, मी पुढे काढली, आणि वर पोहोचल्यावर मी चक्क मोठ्याने ओरडले. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

घरी आल्यावर ह्यांनी पहिलं काम काय केलं, तर लायसनच्या नूतनीकरणाचा अर्ज. चाळिशी उलटलेली, म्हणून डॉक्टरांचा दाखलाही धावपळ करून आणला. तोवर महिनाभर बाजारहाट, दवाखाना, लग्नं, सगळीकडे गाडी मीच नेली. क्लच अजून जिवंत आहे.

परवा पोस्टमन नवं लायसन देऊन गेला. काल तिसगावला सासूबाईंच्या भाच्याच्या साखरपुड्याला निघालो, तर हे बोटात किल्ली फिरवत पुढे. मीही जुन्या सवयीने किल्ली त्यांच्याकडेच राहू दिली आणि मागचं दार उघडलं. स्वतःचाच राग आला, पण उघडलं.

सासूबाई पुढच्या सीटवर पट्टा लावून बसल्या होत्या. त्यांनी खिडकीतून हात काढून लेकाची किल्ली घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"त्याचं लायसन आलं म्हंजी तुजं गेलं का काय? बस हितं."